वाऱ्याचा मोसम पाहून काइटसर्फिंगची सहल कशी आखावी

श्रीलंकेतील कल्पिटिया येथे मी काइटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डावर उभे राहून पाण्यावरून धावण्याच्या खेळासाठी, प्रथम गेलो तो एप्रिल महिन्यात, कारण आंबेडकर जयंतीच्या सुट्टीला जोडून रजा मिळत होती आणि विमानाचे तिकीट स्वस्त होते. आठ दिवसांच्या मुक्कामात बोर्डावर उभे राहता आले ते जेमतेम दीड दिवस. उरलेले दिवस खाजणातले पाणी परातीत ओतलेल्या तेलासारखे निश्चल पडलेले असायचे, दुपारी तीनच्या सुमारास ढग दाटून विजा चमकू लागायच्या, आणि त्यातच सिंहली-तमिळ नववर्षाचा सण आल्याने निम्मी दुकाने बंद होती. हा नशिबाचा दोष नव्हता. तिकीट काढण्यापूर्वी वाऱ्याचे पंचांग पाहायला हवे होते, ते मी पाहिले नव्हते, एवढेच. त्याच ठिकाणी पुढे एका जुलैमध्ये गेलो, तेव्हा सातही दिवस वारा वाहत होता आणि अंग दुखू लागल्यामुळे एक दिवस मीच विश्रांती घेतली.

उष्ण कटिबंधातील वारा हा समशीतोष्ण प्रदेशातील वाऱ्यासारखा लहरी नसतो, आणि आपल्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. युरोपात एकामागून एक कमी दाबाचे पट्टे सरकत येतात, त्यामुळे तेथील खेळाडूला दर आठवड्याला अंदाज पाहावा लागतो. विषुववृत्ताच्या आसपास मात्र वारा महिन्यांच्या हिशेबाने येतो, महिन्यांच्या हिशेबाने दिशा बदलतो आणि दोन मोसमांच्या सांध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. हा हिशेब कसा मांडावा, ते कल्पिटिया आणि त्याच्या समोरच असलेला आपला रामेश्वरम परिसर यांच्या आधाराने पुढे सांगितले आहे, कारण महाराष्ट्रातून आणि गोव्यातून निघणाऱ्याला खात्रीचा वारा मिळणारी ही सर्वांत जवळची ठिकाणे आहेत.

पाऊस वेगळा आणि वारा वेगळा

मराठी माणसाला मान्सून म्हटले की पाऊस आठवतो. छत्री, आंबोली, तुंबलेली लोकल. मूळ अरबी ‘मौसिम’ या शब्दाचा अर्थ मात्र ठरावीक काळ असा आहे, आणि अरबी समुद्रावरचे नाखवे तो शब्द शीड उभारण्याच्या आणि उतरवण्याच्या दिवसांसाठी वापरत. सहल आखताना हाच जुना अर्थ धरावा लागतो, कारण आपल्याला मोसमी वारा हवा असतो आणि मोसमी पाऊस नको असतो.

हा वारा निर्माण कसा होतो ते थोडक्यात पाहू. उन्हाळ्यात राजस्थान आणि सिंध-पंजाबच्या तापलेल्या भूमीवर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, तर त्याच वेळी दक्षिण हिंद महासागरात मस्कारेन बेटांजवळ जास्त दाबाचे क्षेत्र असते. या दोहोंमधील फरकामुळे दक्षिणेकडील हवा विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे ओढली जाते, पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि नैऋत्य मोसमी वारा म्हणून आपल्यापर्यंत पोहोचते. केनिया आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ या प्रवाहाची गती इतकी वाढते की जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा एक स्वतंत्र झोत बनतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याची मांडणी केली आणि आज तो सोमाली झोत म्हणून ओळखला जातो. हिवाळ्यात सारे उलटते: आशियाची भूमी थंड होते, समुद्र तुलनेने उबदार राहतो आणि वारा ईशान्येकडून वाहू लागतो. हा दुसरा वारा पहिल्यापेक्षा सौम्य असतो, कारण त्याच्यामागे हिमालयाची भिंत उभी असते आणि मध्य आशियातील खरी थंड हवा खाली उतरू शकत नाही.

वाऱ्याचा जोर सर्वत्र असूनही कोकणात जुलैमध्ये कोणी काइट उडवत नाही, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. त्याचे उत्तर सह्याद्रीत आहे. ओलावा घेऊन आलेली हवा डोंगराला अडते, वर चढते आणि पाऊस पाडते. त्या पावसाबरोबर येणारे वादळी झोत दोन मिनिटांत १५ नॉटचे ३५ नॉट (ताशी साधारण २८ किलोमीटरचे ६५ किलोमीटर) करून टाकतात, आणि वारा थेट किनाऱ्यावर आदळत असल्यामुळे फुटणाऱ्या लाटांमधून आत जाण्यास जागाच उरत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग होड्या पाण्यात लोटतात. मासेमारीची बंदी माशांच्या प्रजननासाठी आहे हे खरे, परंतु कायदा नव्हता तेव्हाही या दिवसांत दर्यात कोणी जात नसे.

आता घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका पाचशेच्या आसपास रखडतो. वारा मात्र डोंगरापाशी थांबत नाही. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या सर्वांत जास्त वीज जून ते सप्टेंबर या काळातच देतात. पावसाचा भार उतरवून पुढे निघालेला हा वारा जेथे उथळ, सपाट पाण्यावर येऊन पोहोचतो, ती जागा काइटसर्फिंगला उत्तम. कल्पिटिया अशीच पर्जन्यछायेत आहे. नैऋत्य मोसमात श्रीलंकेचा पाऊस कोलंबो, रत्नपुरा आणि मध्यवर्ती डोंगरांच्या नैऋत्य उतारावर पडतो. वायव्य किनारा त्या महिन्यांत बहुतांशी कोरडा राहतो. कटुनायके विमानतळावरून गाडीने उत्तरेकडे जाताना हे डोळ्यांनी दिसते. त्या जुलैमध्ये चिलावपर्यंत गाडीचे वायपर चालू होते, पुढे नारळाच्या बागा विरळ होऊन मीठागरे लागली, ऊन पडले, आणि पुत्तलमच्या अलीकडे डाव्या हाताला पवनचक्क्या दिसू लागल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून फिरत असलेल्या.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. सह्याद्रीची दक्षिणेकडील टोकाची रांग आणि श्रीलंकेचा सुमारे अडीच हजार मीटर उंचीपर्यंत जाणारा मध्यवर्ती डोंगराळ भाग, यांच्यामध्ये मन्नारच्या आखाताची मोकळी फट आहे. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर बोट दाबले की धार जशी जोरात सुटते, तसा मोसमी वारा या फटीतून वेग घेऊन बाहेर पडतो. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंदळच्या पवनचक्क्याही एका खिंडीच्या तोंडाशी उभ्या आहेत, आणि श्रीलंकेने १०० मेगावॉटच्या आसपास क्षमतेचा तंबपवनी हा पवनऊर्जा प्रकल्प २०२० मध्ये मन्नार बेटावर उभारला, तोही याच वाऱ्याच्या भरवशावर. नवीन ठिकाण शोधत असाल तर हा एक सोपा मार्ग आहे: वीज कंपन्यांनी लाखो रुपये खर्चून जेथे वारा मोजला आणि मग पवनचक्क्या उभारल्या, त्याच्या जवळ उथळ पाणी आहे का ते नकाशावर पाहावे.

कल्पिटियाचे वर्ष

श्रीलंकेचा हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो: मार्च-एप्रिल हा पहिला संधिकाळ, मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसम, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दुसरा संधिकाळ आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसम. माझी फजिती झाली ती पहिल्या संधिकाळात. या दोन्ही संधिकाळांत दोन गोलार्धांतील वारे जेथे एकमेकांना मिळतात तो शांत पट्टा बेटावरून सरकत असतो, त्यामुळे सकाळी हवा पडलेली आणि दुपारनंतर गडगडाट असा दिनक्रम चालतो.

नैऋत्य मोसमाचा वारा कल्पिटियाला साधारण मेच्या मध्यापासून बसू लागतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. या काळात दुपारी १८ ते २५ नॉट हा नेहमीचा वेग असतो, आणि जून-जुलैत तो ३० पर्यंतही जातो. मोसमाच्या कडा मात्र दरवर्षी एकाच तारखेला येत नाहीत. केरळात मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. प्रत्यक्षात तो २०२३ मध्ये ८ जूनला, २०२४ मध्ये ३० मे रोजी आणि २०२५ मध्ये २४ मे रोजी पोहोचला. लागोपाठच्या तीन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक पडतो, हे लक्षात घेऊन मेच्या शेवटच्या आठवड्याचे परत न मिळणारे तिकीट काढू नये. महिनाभर आधी तारीख ठरवणे भाग असेल तर १५ जून ते १५ सप्टेंबर ही पट्टी धरावी. तिच्यात चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण मी स्वतः त्यापायी एक सहल पुढे ढकलली होती. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली, वर्तमानपत्रांत ‘मान्सून कमकुवत’ असे मथळे आले, की आपल्याला वाटते वाराही पडला असणार. प्रत्यक्षात पावसाला खंड पडतो तेव्हा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला असतो आणि मघाशी सांगितलेला सोमाली झोत भारताच्या मध्यावरून न जाता दक्षिणेकडे झुकून द्वीपकल्पाच्या टोकाखालून, श्रीलंकेच्या बाजूने जातो. त्यामुळे विदर्भातील शेतकरी आभाळाकडे पाहत असतो त्याच आठवड्यात कल्पिटियाला वारा टिकून असतो, कधी वाढतोही. घरच्या पावसावरून तेथील वाऱ्याचा अंदाज बांधू नये.

हिवाळी मोसम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत असतो. या दिवसांत वारा उत्तर बाजूकडून येतो, १४ ते २० नॉटच्या दरम्यान राहतो, आणि मोसमी प्रवाहाला दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांची जोड मिळाली तरच चांगला चालतो. म्हणजे जुलैत सातपैकी सहा-सात दिवस मिळतील असे धरून चालता येते, तसे जानेवारीत धरता येत नाही. हिवाळ्यात जायचे तर सातऐवजी दहा दिवस काढावेत आणि मोठा काइट बरोबर न्यावा. नवशिक्याने मात्र हिवाळ्याचा किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धाचा विचार आधी करावा. जुलैचा २५ नॉटचा वारा शिकणाऱ्याच्या चुकीला फार महाग पडतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ आणखी एका कारणाने टाळावा, ते म्हणजे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे. १९६४ च्या डिसेंबरमध्ये धनुष्कोडी गाव अशाच वादळाने एका रात्रीत पुसले गेले, पांबनहून निघालेली प्रवासी गाडी समुद्राने ओढून नेली. गावाचे भग्न चर्च आणि पाण्याची टाकी आजही वाळूत उभी आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ श्रीलंकेजवळ तयार होऊन कन्याकुमारीला झोडपून अरबी समुद्रात शिरले. वादळाच्या आदल्या दिवशी वारा फार सुंदर लागतो असे सांगणारे काही जण भेटतात. त्यांचे ऐकू नये.

सरासरीच्या जाळ्यात न सापडता आकडे कसे पाहावेत

प्रवास कंपन्यांच्या जाहिरातीत ‘सरासरी वारा १४ नॉट’ असे लिहिलेले असते. हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. समजा एका ठिकाणी दिवसरात्र १४ नॉट वारा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी रात्री ६ व दुपारी २२ आहे. दोन्हींची सरासरी सारखीच निघेल, पण पहिल्या ठिकाणी हलक्या वजनाच्या माणसालाच मोठ्या काइटवर कसेबसे चालता येईल, आणि दुसऱ्या ठिकाणी रोज चार तास मनसोक्त खेळता येईल. उष्ण कटिबंधातील बहुतेक किनारे दुसऱ्या प्रकारचे असतात.

म्हणून प्रथम आपला उंबरठा ठरवावा. माझे वजन ७२ किलो आहे. मला १२ चौरस मीटरचा काइट १४ ते १८ नॉटला, ९ चा १८ ते २५ ला आणि ७ चा त्यापुढे लागतो. म्हणजे १४ नॉटच्या खाली माझ्यासाठी वारा नाहीच. वजन जास्त असेल तर हा उंबरठा वर सरकतो. येथे दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५ चे २० नॉट झाले तर ओढ पावणेदोन पटींहून थोडी अधिक होते, आणि १२ चे २४ झाले तर चौपट. दुसरे असे की ३० अंश सेल्सियसची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेसहा टक्क्यांनी विरळ असते; युरोपात किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकून आलेल्यांना श्रीलंकेचा १६ नॉटचा वारा थोडा पोकळ वाटतो तो यामुळे. ज्यांना किलोमीटरची सवय आहे त्यांच्यासाठी, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर.

यानंतर मागील पाच वर्षांची तासागणिक नोंद मिळवावी. युरोपीय हवामान केंद्राने तयार केलेला ईआरए५ हा संच १९४० पासूनच्या तासागणिक नोंदी देतो, आणि ओपन-मेटेओसारख्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश भरले की त्या तक्त्याच्या रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. कल्पिटियासाठी ८.२ अंश उत्तर आणि ७९.८ अंश पूर्व हे स्थान पुरेसे आहे. तक्ता उघडल्यावर रात्रीचे तास काढून टाकावेत आणि सकाळी ११ ते सायंकाळी ५ एवढेच ठेवावेत. मग ज्या दिवशी या सहा तासांपैकी निदान तीन तास वारा उंबरठ्याच्या वर होता तो दिवस ‘मिळालेला’ धरावा आणि आठवड्यागणिक असे दिवस मोजावेत. महिन्यागणिक नव्हे, कारण मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा आठवडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि महिन्याच्या सरासरीत तो झाकला जातो. पाचही वर्षांत त्या आठवड्यात पाच किंवा अधिक दिवस मिळत असतील तर डोळे झाकून तिकीट काढावे. तीन वर्षांत सहा दिवस आणि दोन वर्षांत एकच दिवस असा प्रकार असेल तर तो आठवडा मोसमाच्या कडेवरचा आहे, आणि तेथे जाणे म्हणजे जुगार आहे.

या नोंदींना एक मर्यादा आहे. ईआरए५ ची चौकट, म्हणजे एक नोंद जेवढ्या चौरस भागासाठी असते तो भाग, सुमारे ३१ किलोमीटरची आहे आणि कल्पिटियाची भूमी म्हणजे समुद्र आणि खाजण यांच्यामधली अरुंद जीभ. चौकटीला ती नीट दिसत नाही. दुपारी जमीन तापून समुद्रावरून जे खारे वारे सुटतात त्यांचा जोर त्यामुळे कमी दाखवला जातो. दोन दिवसांच्या अंदाजासाठी वापरली जाणारी अमेरिकी जीएफएस किंवा युरोपीय ही हवामानाची संगणकीय प्रारूपे १३ आणि ९ किलोमीटरच्या आसपासची आहेत, तरीही तीच अडचण थोड्या प्रमाणात राहते. मी माझ्यापुरता नियम असा केला आहे की नैऋत्य मोसमात, कोरड्या आणि ऊन असलेल्या दिवशी, प्रारूपाच्या आकड्यात दुपारसाठी तीन-चार नॉट मिळवायचे, आणि आभाळ भरलेले असेल तर काहीही मिळवायचे नाही. तेथील शिकवणाऱ्यांना विचारले तर तेही बोटे मोजून साधारण हेच सांगतात.

गोव्याचे गणित जवळजवळ संपूर्णपणे या खाऱ्या वाऱ्यांवर चालते. मोरजी-आश्वे परिसरात जानेवारी ते एप्रिल या काळात दुपारी एकच्या पुढे वायव्येकडून १० ते १५ नॉट वारा येतो, सूर्य कलला की पडतो, आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. शिकण्यासाठी आणि हात बसवण्यासाठी हे चांगले आहे. परंतु ९ चौरस मीटरचा काइट घेऊन गोव्याला जाणाऱ्याने तो पिशवीतच राहील अशी मनाची तयारी ठेवावी.

वाऱ्याची दिशा किनाऱ्याला लावून पाहणे

वेग पुरेसा असूनही दिशा चुकीची असेल तर पाण्यात उतरू नये. वारा किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे तिरका असावा. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा काइट पडल्यावर माणसाला खोल समुद्रात नेतो, आणि बचावाची होडी उपलब्ध नसेल तर त्यात पडूच नये. नकाशावर किनाऱ्याची रेषा काढून तिच्यावर मोसमाच्या वाऱ्याचा बाण काढावा, एवढे केले तरी अर्धे प्रश्न सुटतात.

रामेश्वरम हे याचे उत्तम उदाहरण आहे. बेटाच्या दक्षिणेला मन्नारचे आखात आणि उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, आणि मधली जमीन धनुष्कोडीकडे निमुळती होत गेलेली. नैऋत्य मोसमात वारा दक्षिण किनाऱ्यावर लाटांसह येतो आणि तोच वारा उत्तर किनाऱ्यावर जमिनीवरून पाण्याकडे जातो. तेथील पाणी त्यामुळे काचेसारखे सपाट आणि मोहात पाडणारे, पण चूक झाली तर परत न आणणारे असते. हिवाळ्यात ईशान्येचा वारा आला की दोन्ही किनाऱ्यांचे स्वभाव अदलाबदल करतात. मोसम एकच, वारा एकच, आणि किनारा बदलला की सुरक्षित जागा धोकादायक होते. या भागात सागरी सीमा जवळ असल्यामुळे तटरक्षक दलाची नजर असते आणि मन्नारच्या आखातातील बेटे राष्ट्रीय सागरी उद्यानात येतात, म्हणून स्वतःच्या मनाने पाण्यात न उतरता स्थानिक काइटसर्फिंग शाळेबरोबर जाणे शहाणपणाचे.

कल्पिटियाच्या खाजणात मधला वाळूचा पट्टा लाटा अडवतो आणि वारा सोडून देतो, म्हणून तेथे शिकणे सोपे जाते. भरती-ओहोटीतला फरकही श्रीलंकेत मीटरभराहून कमी आहे, त्यामुळे वेळापत्रकात भरती मोजण्याची गरज फारशी पडत नाही. झांझिबारला मात्र तसे नाही. तेथे उधाणाच्या दिवसांत पाणी तीन-चार मीटर वरखाली होते आणि पूर्ण ओहोटीला पाजेच्या किनाऱ्यावर पाण्यापर्यंत पोहोचायला बोर्ड काखेत मारून बरेच चालावे लागते, पायाखाली प्रवाळ आणि सागरी साळू. अशा ठिकाणी मोसम ठरल्यावर अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे भांगाच्या भरतीचा आठवडा पाहावा. पंचांग घरी असतेच.

इतर किनाऱ्यांविषयी थोडे. झांझिबारला जून ते सप्टेंबर दक्षिणेचा ‘कुसी’ आणि डिसेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेचा ‘कास्काझी’ वाहतो. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ टाळावा. अरबी आणि कच्छी गलबते शतकानुशतके कास्काझीवर खाली उतरत आणि कुसीवर घरी परतत, तीही जून-जुलैचा भर टाळून. व्हिएतनामचे मुई ने आणि फिलिपिन्समधील बोराकायचा बुलाबोग किनारा हे दोन्ही ईशान्य मोसमाचे, नोव्हेंबर ते मार्च. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा राज्यात कुंबुको ते जेरीकोआकोआरा या पट्ट्यात मान्सून नव्हे तर व्यापारी वारे जुलै ते जानेवारी अखंड वाहतात, आणि वाऱ्याचा इतका भरवसा मी दुसरीकडे ऐकलेला नाही. पण मुंबईहून तेथे पोहोचायलाच दीड दिवस जातो.

निघण्यापूर्वीचे दहा दिवस आणि किनाऱ्यावरची सकाळ

तारीख मोसमावरून ठरते आणि सामान अंदाजावरून. निघण्यापूर्वी दहा दिवस विंडी किंवा विंडगुरू हे वाऱ्याचा अंदाज देणारे संकेतस्थळ पाहायला सुरुवात करावी, पण तेव्हा आकडे न पाहता कल पाहावा: वारा चढतो आहे की उतरतो आहे, उपसागरात काही शिजते आहे का, आणि दोन प्रारूपे एकमेकांशी सहमत आहेत का. आकड्यांवर विश्वास ठेवावा तो शेवटच्या तीन दिवसांत. विमानात वजनाची मर्यादा असल्याने दोनच काइट न्यायचे असतील तर जुलैत ९ आणि ७, जानेवारीत १२ आणि ९, असे मी करतो.

कल्पिटियाला नैऋत्य मोसमातील सकाळ साधारण अशी जाते. सहा वाजता नारळाच्या झावळ्या हलत असतात, पण खाजणावर फक्त बारीक सुरकुत्या असतात. हा १० नॉटच्या आसपासचा वारा. नऊच्या सुमारास सुरकुत्यांच्या जागी स्पष्ट लहान लाटा येतात. बाहेरच्या समुद्रावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की १२-१३ नॉट झाले असे समजावे, आणि जिकडे पाहावे तिकडे फेस दिसू लागला की १७-१८. सकाळीच जोराचा वारा असेल तर दुपारी खारे वारे मिसळून तो आणखी वाढेल, म्हणून अशा दिवशी पंप हातात घेण्यापूर्वीच लहान काइट निवडावा. हवा भरून झाल्यावर बदलण्याचा कंटाळा येतो आणि कंटाळ्यानेच अपघात होतात. मी एकदा १२ चा काइट भरून ठेवला, चहा प्यायला बसलो, आणि परत येईपर्यंत २२ नॉट झाले होते. आता एवढ्यासाठी कुठे उतरवायचा म्हणून तसाच पाण्यात गेलो आणि पहिल्याच झोतात खाजणाच्या काठच्या झुडपांत जाऊन पडलो. हाताला सात टाके पडले.

वारा अचानक थांबला, हवेत गारवा आला आणि क्षितिजावर खालून काळा, वरून कोबीच्या गड्ड्यासारखा ढग दिसला, तर काइट तात्काळ उतरवावा. त्या ढगाखालून येणारा झोत कोणत्याही दिशेने येऊ शकतो आणि वीज ओल्या दोरीला ओळखते. संधिकाळात असे ढग जवळजवळ रोज येतात, भर मोसमात क्वचित. आणि सायंकाळी वारा कितीही चांगला असला तरी पावणेसहाला किनारा गाठावा. जुलैत कल्पिटियाला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि त्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. खाजणाच्या पलीकडच्या टोकाला काइट पडला तर तेवढ्या उजेडात तो गुंडाळून, चिखलातून चालत परत येणे होत नाही.